पहिलं धनुष्य: तुमची ओढ ३१ इंच नाही, परत मोजा की

प्रश्न थोडक्यात असा आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले एक वाचक, वय ३२, उंची ५ फूट ११ इंच. मित्राकडे ५४ इंची, ४५ पौंडी (म्हणजे ओढायला ४५ पौंडाचा जोर लागणारं) रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं, धनुष्य पडून आहे, तो स्वस्तात देतो म्हणतो. घरी टेपने ड्रॉ लेंथ, म्हणजे बाण किती इंच मागं ओढला जातो ती ओढ, मोजली तर ३१ इंच आली. शेतात वीस-पंचवीस पावलांवरून मारायचं, नेम धरायची साइट-बिट काही नको, जुन्या पद्धतीनंच शिकायचं. धाकट्या बहिणीलाही शिकायचंय, तिची उंची ५ फूट १ इंच. मित्राचं धनुष्य घेऊ का, आणि दोघांत एक चालेल का?

मित्राचं धनुष्य घेऊ नका. फुकट दिलं तरी पहिलं म्हणून घेऊ नका. पण त्याआधी त्या ३१ आकड्याचं बघू, कारण तो चुकला की पुढचं सगळंच चुकतं.

पाच फूट अकरा इंच उंचीच्या माणसाची ओढ ३१ इंच असू शकते, पण क्वचित. मला वाटतं तुम्ही डावा हात लांब केलात आणि मुठीपासून कानापर्यंत टेप धरला. बहुतेक जण हेच करतात. दोष आपला नाही, टीव्हीवरच्या पौराणिक मालिकांचा आहे. तिथं प्रत्येक योद्धा दोरी कानापर्यंत ओढतो. आपल्याकडं त्याला शब्दसुद्धा आहे, ‘आकर्ण’. कानापर्यंत, किंबहुना कानामागं ओढायच्या पद्धती जगात होत्या आणि आहेत. त्यासाठी धनुष्यही वेगळं असतं आणि अंगठ्यानं दोरी धरायची रीतही वेगळी. तुम्ही जे घेताय त्या रिकर्व्हवर तीन बोटांनी दोरी धरायची आणि तर्जनीचं टोक ओठाच्या कोपऱ्याला टेकवायचं. दोरी दर वेळी जिथं येऊन थांबते त्या जागेला आम्ही अँकर म्हणतो. अँकर कानाजवळून ओठाच्या कोपऱ्यावर आला की तिथंच दोन-तीन इंच गळतात. म्हणजे ओढ ही निव्वळ हाताची लांबी नसते. हात, खांदा, छाती, मान आणि अँकर या सगळ्यांचा मिळून तो एक आकडा असतो.

आता मोजायचं कसं ते बघा. सगळ्यात सोपी पद्धत भिंतीची. भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरा, ताणू नका. बहिणीला म्हणावं, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खूण कर. ते अंतर इंचात घ्या आणि २.५ ने भागा. माणसाचा हा पसारा साधारण उंचीइतकाच असतो, म्हणून तुमचा ७१ इंच धरला तर ओढ येते २८.४. बहिणीचा ६१ धरला तर २४.४. टेप शिंप्याचा कापडी वापरत असाल तर एकदा लोखंडी टेपशी ताडून बघा. माझा जुना कापडी टेप वापरून वापरून ताणला होता, आणि त्याच्यावर मी दोन पोरांची मापं चुकवली होती.

हा अंदाज आहे, माप नाही. खरं माप हातात धनुष्य असतानाच मिळतं. त्यासाठी १६ ते २० पौंडाचं हलकं धनुष्य कुणाकडून तरी तासभर मागून आणा, आणि ३२ इंचाचा एक न कापलेला लांब बाण. बाण लावायचा, अँकरपर्यंत ओढायचं, आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसानं धनुष्याच्या पुढच्या कडेशी, म्हणजे टार्गेटकडच्या कडेशी, बाणावर पेन्सिलीनं खूण करायची. ओढून सोडायचं नाही, सावकाश परत आणायचं. तोंड मातीच्या ढिगाकडंच. असं दहा वेळा करा, दर दोनदा ओढल्यावर दम घ्या. दहा खुणा एका जागी येणारच नाहीत. सुरुवातीला इंचभर पसरतात. मधली धरा आणि नॉकच्या, म्हणजे बाणाच्या दोरीत बसणाऱ्या मागच्या टोकाच्या, खाचेपासून तिथपर्यंत मोजा.

शास्त्रशुद्ध व्याख्या थोडी वेगळी आहे: नॉकच्या खाचेपासून धनुष्याच्या मुठीच्या सगळ्यात खोल जागेपर्यंतचं अंतर, अधिक पावणेदोन इंच. पण ते पावणेदोन इंच मिळवले की बहुतेक धनुष्यांत पुढच्या कडेपाशीच येतो आपण. घरगुती कामाला पेन्सिलीची खूण पुरते. लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या पात्यावर, जे ‘२८ इंचाला ३० पौंड’ असं छापलेलं असतं, ते २८ याच हिशेबानं असतात.

पंधरा दिवसांनी परत मोजा. नवशिक्याची ओढ स्थिर नसते. पहिल्या दिवशी माणूस खांदा कानाशी आक्रसून ओढतो, कोपर वाकडं ठेवतो. पाठ कामाला लागली, डावा खांदा खाली बसला की अर्धा-पाऊण इंच, कधी इंचभरही वाढते. मान पुढं काढून दोरीला भेटायला जाणाऱ्याची मान सरळ केली की ओढ बदलते. दोरी तोंडाशी आली पाहिजे, तोंड दोरीकडं जायचं नाही.

एक गंमत सांगतो. आमच्याकडं एक पैलवान यायचा, तालमीतला, उंची सहा फूट. पसाऱ्याच्या हिशेबानं त्याची ओढ २८.८ यायला हवी होती. खुणांवरून आली २७. छाती आणि खांदे एवढे भरलेले की उजवा हात मागं जायला जागाच नव्हती. त्याच आठवड्यात एक सडपातळ मास्तर आले, उंची ५ फूट ८, हात लांब. त्यांची आली २८. उंचीवरून धनुष्य विकणारा दुकानदार या दोघांना उलटीसुलटी धनुष्यं देऊन मोकळा झाला असता.

आता लांबी का महत्त्वाची. हा भाग जरा निवांत वाचा, कारण सगळी मेख इथं आहे.

दोरी ओढत जाता तसा दोरी आणि लिंबचं टोक यांच्यातला कोन उघडत जातो. सुरुवातीला कोन लहान असतो, लिंब सहज वाकतात. कोन नव्वद अंशांकडं गेला की दोरी लिंबला वाकवायचं सोडून टोकाला सरळ लांबीत ओढायला लागते, आणि वजन एकदम चढतं. याला आम्ही स्टॅकिंग म्हणतो. धनुष्य जितकं आखूड तितका हा कोन लवकर उघडतो. समजा एखादं ६४ इंची धनुष्य २६ ते २९ इंचांच्या दरम्यान दर इंचाला दोन-अडीच पौंड वाढतं. ५४ इंची त्याच जागी तीन, मग चार, मग पाच असं वाढू शकतं. शेवटच्या इंचाला असं वाटतं की भिंत आली. आणि नवशिका नेमका त्याच शेवटच्या इंचात डगमगतो. एका बाणाला २७.५ वर सोडतो, दुसऱ्याला २८.५ वर. हलक्या चढाच्या धनुष्यात या फरकाला दोन-अडीच पौंड लागतात. स्टॅक होणाऱ्यात दुप्पट. मग एक बाण टार्गेटच्या वर, दुसरा खाली, आणि माणूस म्हणतो माझा नेमच नाही.

दुसरी गोष्ट बोटांची. आखूड धनुष्य पूर्ण ओढलं की तुमच्या बोटांपाशी दोरीचा कोन अरुंद होतो, तीन बोटं एकमेकांवर दाबली जातात आणि बाणाचा नॉक मध्ये चिमटला जातो. अनामिकेला कळ लागते. ती चुकवायला माणूस नकळत तिसरं बोट सैल सोडतो, आणि सोडणं बिघडतं. आखूड धनुष्य झाडीत फिरायला, मचाणावर बसायला, घोड्यावरून मारायला बरं. परदेशात ही धनुष्यं शिकारीची म्हणून विकली जातात, म्हणून ५४-५८ इंची इतकी दिसतात. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, आणि तुमच्या तालुक्यात तर भीमगड अभयारण्यच आहे. मग आखूडपणाचा फायदा तुम्हाला कशासाठी हवाय? तुमच्या शेतात छत तर नाही.

लांबीच्या चुकीला दोन बाजू आहेत, पण त्या सारख्या नाहीत. धनुष्य ओढीच्या मानानं लांब झालं तर लिंब पुरते वाकत नाहीत, बाण जरा सुस्त जातो, एवढंच. अंगाला त्रास नाही, धनुष्याला त्रास नाही. आखूड झालं तर बोटं, खांदा, नेम आणि शेवटी लिंब, सगळ्यांवर येतं. म्हणून शंका आली की लांबच घ्या.

माझा स्वतःचा ढोबळ हिशेब, साइट नसलेल्या साध्या रिकर्व्हचा: ओढ २५ च्या आत असेल तर ५८-६० इंच चालतं. २५ ते २७ ला ६० किंवा ६२. २७ ते २९ ला ६२, मिळालं तर ६४. २९ च्या पुढं ६४ च्या खाली बघायचंच नाही, ६६ बरं. ऑलिंपिक पद्धतीची धनुष्यं याहून लांब असतात. २८ इंची ओढीला तिथं ६६-६८ सर्रास वापरतात. ती कुणी स्वस्तात देत असेल, तर साइट काढून तुम्ही खुशाल वापरा, शिकायला त्यांच्याइतकी सज्जन धनुष्यं नाहीत.

लांबी म्हणजे उभं केल्यावर जमिनीपासूनची उंची नव्हे, हेही लक्षात घ्या. दोरी चढवलेलं ६२ इंची धनुष्य सरळ टेपनं कमीच भरतं. ६२ हा लिंबच्या वळणासकटचा आकडा आहे, दोरी उतरवून मोजायचा. त्याची दोरी असते साधारण चार इंच कमी, ५८ च्या आसपास. लिंबवर छापलेलं वाचा, ते नसेल तर दोरीवरून उलटं काढा.

माझं पहिलं धनुष्य ५४ इंची, ५० पौंडी होतं. ज्यानं विकलं तो म्हणाला, ‘तुमच्यासारख्या धट्ट्याकट्ट्या माणसाला ३० पौंड म्हणजे पोरखेळ.’ मला बरं वाटलं, पैसे दिले. आठ महिने मी ते कधीच पूर्ण ओढलं नाही. हनुवटीच्या चार बोटं पुढंच सोडून द्यायचो, कारण तिथून मागं जातच नव्हतं. शरीराला तीच ओढ वाटायला लागली. उजवा खांदा एका पावसाळ्यात इतका धरला की स्कूटरला किक मारायची म्हटली तरी डाव्या हातावर भार घ्यायचो. नंतर ओळखीच्या एकाचं ६६ इंची, २६ पौंडी हातात घेतलं. पहिल्यांदा दोरी ओठाच्या कोपऱ्याला लागली तेव्हा मला वाटलं, मी जास्त ओढतोय. अर्धवट ओढायची सवय मोडायला जेवढे महिने लागले तेवढे ती लागायलाही लागले नव्हते.

म्हणजे आता पौंडांकडं वळू. तुमच्या मित्राचं धनुष्य २८ इंचाला ४५ पौंड, म्हणजे वीस किलोच्या वर. बाजारातून वीस किलोची पिशवी आणतोच की, असं म्हणाल. पिशवी हात खाली सोडून आणता. इथं तेवढं वजन तीन बोटांच्या पेरांवर धरून, हात खांद्याच्या उंचीला ठेवून, पाठीच्या खोबणीतल्या स्नायूंनी मागं न्यायचं, तिथं दोन-तीन सेकंद थांबायचं, आणि हे संध्याकाळी साठ वेळा. जिममध्ये हे स्नायू कुणी सहसा वाढवत नाही. विहिरीवरून घागर शेंदणाऱ्या बायका या बाबतीत आपल्या पुढं असतात, हे मी थट्टेनं म्हणत नाही.

तुमच्यासाठी तुमच्या ओढीला २६ ते ३० पौंड. ३० ला माझी हरकत नाही, ३५ ला आहे. बहिणीसाठी तिच्या ओढीला १८ ते २०. पारख सोपी आहे: धनुष्य टार्गेटच्या रेषेत समोर धरा आणि तिथूनच सरळ ओढा. ओढताना हात आभाळाकडं गेला, कंबर मागं झुकली, तोंड वाकडं झालं, तर ते धनुष्य तुमच्यासाठी जड आहे. माझ्याबरोबर सराव करणारे एक कन्नड मित्र आहेत. ते धनुष्याला ‘बिल्लु’ म्हणतात, आणि कुणी असा झटका देऊन ओढला की लांबूनच ओरडतात, ‘निधाना, निधाना!’ निधाना म्हणजे सावकाश. आमच्या मैदानावर मराठी पोरंही आता हाच शब्द वापरतात.

छापलेला पौंडाचा आकडा २८ इंचाचा असतो, तुमचा नव्हे, हे विसरू नका. २८ च्या खाली दर इंचाला साधारण दोन-अडीच पौंड वजा करा, वर तेवढे मिळवा. तुमची ओढ २८.४ निघाली तर छापील ३० म्हणजे तुमचे ३१. बहिणीची २४.४ असेल तर छापील २५ चं धनुष्य तिच्या हातात १७ च्या आसपासच भरेल. म्हणून तिच्यासाठी छापील २५-२६ ला घाबरायचं कारण नाही. खात्रीच करायची तर सामान तोलायचा हुकाचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. बेळगावच्या खडेबाजारात सहज मिळतो. हुक दोरीत अडकवा, खूण केलेला बाण बाजूला धरा आणि काटा त्या खुणेपर्यंत ओढा. किलोला २.२ ने गुणलं की पौंड. मी नवीन धनुष्य आलं की पहिलं हेच करतो, आणि छापील आकड्यात दोन-तीन पौंडांचा फरक निघाला तर आता आश्चर्य वाटत नाही.

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण साताऱ्याच्या अदिती स्वामीनं २०२३ साली बर्लिनला जागतिक अजिंक्यपद जिंकल्यापासून आपल्या भागातले पालक ‘तसलंच धनुष्य द्या’ म्हणत येतात. तिचं ते कंपाऊंड. त्याच्या चाकांत ओढ बसवलेली असते, ठरलेल्या जागेला गेलं की पुढं ओढतच नाही, आणि तिथं पोचल्यावर हातावरचं वजनही बरंच उतरतं. टोकियो ऑलिंपिकला खेळलेला साताऱ्याचाच प्रवीण जाधव वापरतो ते रिकर्व्ह, पण ऑलिंपिकच्या रिकर्व्हवर क्लिकर नावाची पातळ पट्टी असते. बाण नेमका ठरलेल्या ओढीला आला की ती ‘टक’ करते, मग सोडायचं. तुमच्या साध्या धनुष्याला ना चाक ना पट्टी. ओढ किती झाली हे सांगणारं एकच साधन तुमच्याकडं आहे, ओठाच्या कोपऱ्याला टेकलेलं बोट. म्हणून इथं ओढीचा इतका कीस पाडतोय.

आता दोघांत एक धनुष्य. अखंड लाकडी घेतलंत तर नाही. टेकडाउन घेतलंत तर चालेल. टेकडाउन म्हणजे मधला मुठीचा भाग, रायझर, वेगळा, वरचा-खालचा लिंब बोल्टनं बसवायचा. ६२ इंची टेकडाउन, एक रायझर, दोन जोड्या लिंब: तुमच्यासाठी छापील ३०, तिच्यासाठी २५. दोरी दोघांना तीच. ६२ तिला जरा लांब होईल, पण लांब झाल्याचा तोटा फक्त वेगाचा, आणि वीस पावलांवर वेगाचं काय लोणचं घालायचंय? सहा महिन्यांनी तुमचा दम वाढला तर ३५ ची लिंबजोडी घ्यायची. लिंब बदलायला पाच मिनिटं, पण दोघांनी एकाच संध्याकाळी आळीपाळीनं मारायचं ठरवलंत तर त्या पाच मिनिटांवरून भांडणं होतात, असा आमच्या घरचा अनुभव आहे. शनिवार तुमचा, रविवार तिचा, असं करा.

खिसा जरा मोकळा असेल तर आयएलएफ प्रकार बघा. यात लिंब बसवायची खाच सगळ्या कंपन्यांची एकसारखी असते, म्हणून कुणाचाही रायझर, कुणाचेही लिंब. २१ इंची रायझरला शॉर्ट लिंब लावले की ६२, मीडियमला ६४, लाँगला ६६. रायझर दोन इंच वाढला की हे सगळे आकडे दोन इंचांनी वाढतात, २५ इंचीला ६६, ६८, ७०. बोल्ट फिरवून थोडे पौंड कमी-जास्त करता येतात. फक्त लिंबवरचे छापील पौंड बहुधा २५ इंची रायझरचे असतात. तेच लिंब आखूड रायझरवर दोन-चार पौंड जास्त भरतात, हे दुकानदार सांगत नाहीत. तुमची खरी ओढ २९ च्या वर निघाली तर मी ६२ चं साधं टेकडाउन सोडून हाच रस्ता सुचवीन.

बाणांचं लांबण लावत नाही, पण ओढीशी संबंध आहे म्हणून दोन गोष्टी. पहिल्या खेपेला बाण ओढीपेक्षा दोन इंच लांब ठेवा, म्हणजे तुम्हाला ३०-३०.५. ओढ वाढल्यावर बाणाचं टोक मुठीच्या आत येऊन हातात घुसू नये, म्हणून ही सोय. कापायला पुढं कधीही येतं, जोडायला येत नाही. दुसरं, स्पाइन. बाण किती वाकतो त्याचा तो आकडा, आणि तो जितका मोठा तितका बाण मऊ. ३० पौंड आणि ३० इंची कार्बनला ७०० च्या आसपास बघा, बहिणीला ९००-१००० लागतील. तुमचे कडक बाण तिनं वापरले तर ते एका बाजूला पळतील आणि ती स्वतःला दोष देईल. बाणाचं वजन धनुष्याच्या पौंडाला निदान ८ ग्रेन हवं, १० असेल तर उत्तम. म्हणजे ३० पौंडाला ३०० ग्रेन, साडेएकोणीस ग्रॅम. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवून बघितलात तरी चालेल, मी तेच करतो आणि ते हसतात. धनुष्याच्या कट्ट्यावरूनच, म्हणजे मुठीच्या वर बाण टेकवायच्या खाचेवरूनच, मारणार असाल तर पिसांचे बाण घ्या, प्लास्टिकचे पंख कट्ट्याला आपटून बाण उडवतात.

पुढं कधी जुनं धनुष्य घेण्याची वेळ आली तर दोरी चढवून टोकाकडून एक डोळा मिटून बघा. दोरी दोन्ही लिंबच्या मधोमध जायला हवी. एका बाजूला जात असेल तर लिंब पिळलेत. बहुतेक वेळा पाय घालून दोरी चढवल्यानं पिळतात. स्ट्रिंगर नावाची जाड दोरी मिळते, ती वापरायची. मग कापसाचा बोळा लिंबच्या कडांवरून फिरवा. तंतू अडकला तिथं चीर आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही ती. जुन्या लाकडी टोकांच्या धनुष्यावर नवी कडक फास्ट फ्लाइट दोरी लावू नका, जरा ताणणारी डॅक्रॉनचीच ठेवा. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडून बघणाऱ्या माणसाकडून कधीच काही विकत घेऊ नका. बाणात जायची ताकद लिंबमध्येच जिरते आणि ते फुटतात.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात धनुष्य कोपऱ्यात उभं ठेवू नका. दोरी उतरवून, दोन खुंट्यांवर आडवं, भिंतीपासून जरा दूर. भिंतीतून झिरपणारी ओल लिंबच्या थरांमधला डिंक सोडवते. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवणं त्याहून वाईट.

टार्गेटला तुमच्याकडं पैसे घालायची गरज नाही. भाताचं पिंजर घट्ट बांधून दीड-दोन फूट जाडीचा भारा करा, किंवा पोत्यात जुनी लुगडी कोंबून भरा. मागं मातीचा बांध हवा. चिऱ्याच्या भिंतीसमोर लावू नका, बाण फुटतो किंवा उलटा येतो. आणि मागं ऊस असेल तर जागाच बदला. उसात गेलेला बाण तोडणीलाच सापडतो, तोही दोन तुकड्यांत.

ऑर्डर देण्याआधी एक शेवटचं तपासा, हात. उजव्या हाताचं धनुष्य म्हणजे डाव्या हातात धरून उजव्यानं ओढायचं. पण कुठल्या हातानं ओढायचं ते जेवायच्या हातावरून ठरवू नका, डोळ्यावरून ठरवा. दोन्ही हात पुढं करून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवा, त्यातून दूरचा विजेचा खांब बघा, मग एक-एक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खांब फटीतच राहतो तो तुमचा मुख्य डोळा, आणि त्याच बाजूच्या हातानं ओढायचं. शिकायच्या आधी हे ठरवलं तर डावखुरं शिकायला काही त्रास होत नाही. तुमचा आणि बहिणीचा दोघांचा बघा. तुमचा उजवा आणि तिचा डावा निघाला तर मी वर सांगितलेला एका रायझरचा हिशेब मोडतो. मग तिच्यासाठी डाव्या हाताचा वेगळा रायझर लागेल, आणि तिला स्वतंत्र धनुष्य घ्यायचंच असेल तर ६२ च्या ऐवजी ६० घ्या.